दवाखान्यात नोकरी धरण्याआधी: कोकणातल्या मुलामुलींचे आणि त्यांच्या आईबापांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीसेक वर्षं परिचारिका म्हणून काढली, त्यातली शेवटची काही विद्यार्थिनींना शिकवण्यात गेली. निवृत्त झाले तरी बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते. कोर्स कुठला, हे त्यातलं सोपं. कामाला लागल्यावर जे अडतं, ते मी जास्त लिहिलंय.

डॉक्टर व्हायचं नाही. मग या क्षेत्रात दुसरं काय करता येतं?

पुष्कळ. नर्सिंगमध्ये एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. डी. फार्मसी दोन वर्षांची. शिवाय लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस यांचे टेक्निशियन. आमच्या वेळी शिकायचं तर मुंबई, मिरज नाहीतर कोल्हापूर. आता अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयंही झाली आहेत.

एक इशारा. बाजारात एखाद्या माडीवर ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ असा बोर्ड दिसला, तर आत जाऊन एकच विचारा: महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होणार का? उत्तर गोल गोल आलं की पायऱ्या उतरा. नोंदणी नसेल तर तुम्ही नर्स नाही, फक्त पांढरा ड्रेस घातलेला माणूस आहात. उद्या काही बिघडलं तर अंगावर येतं ते तुमच्याच.

माझं इंग्रजी कच्चं आहे आणि घरी आम्ही मालवणी बोलतो. निभेल का?

औषधांची नावं, डोस आणि नोंदी यांपुरतं इंग्रजी शिकावंच लागेल, त्यात सूट नाही. पण बोली लपवू नका. विदर्भातून नव्याने आलेले एक तरुण डॉक्टर राउंडला होते. खाटेवरची आजी म्हणाली, “माका घेरी इली.” डॉक्टर माझ्याकडे वळून हळूच विचारतात, “सिस्टर, ही इली कोण? नात का?” आजीला चक्कर आली होती. माणूस भला होता, महिनाभरात शिकला. पण तोवर त्या वॉर्डात सगळ्यात उपयोगी कोण होतं? दुसऱ्या वर्षाची, कुडाळची एक विद्यार्थिनी, जी एरवी इंग्रजीच्या भीतीने मागच्या रांगेत उभी राहायची.

पेशंटला मराठीच येत नसेल तर?

हा प्रश्न पूर्वी क्वचित यायचा, आता रोज येतो. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं आहेत, बोटींवर नेपाळी आणि परराज्यांतले खलाशी आहेत, रस्त्याच्या कामावर कर्नाटकातले मजूर आहेत. यांच्याशी बोलायचं कसं, हे पुस्तकात नसतं.

एक प्रसंग सांगते, कारण त्यात मीही चुकले. बागेतली एक नेपाळी बाई ओपीडीत आली. सोबत अकरा वर्षांची लेक, जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणारी, मराठी अगदी फर्डं. आम्हाला हायसं वाटलं. डॉक्टर विचारत गेले, पाळी कधी आली, अंगावरून किती जातंय, मागे कधी मूल पडलंय का. मुलगी एकेक प्रश्न आईला सांगत होती. मग थांबली. शाळेच्या गणवेशाच्या बाहीचं बटण काढायची, लावायची, काढायची. आई काहीतरी बोलली, ते तिने आम्हाला सांगितलंच नाही. मला कळायला जरा उशीर लागला की आम्ही एका लेकराला काय विचारायला लावतोय. मग तिला बाहेर बसवलं, शेजारच्या बागेतल्या एका बाईला निरोप धाडला. ती यायला तासभर लागला. आईचा गर्भ दोन महिन्यांपूर्वी पडला होता आणि ते तिने घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम: पोर दुभाषी नाही. गाठीशी कुणी नसेल तर फोनवरून दुसरं मोठं माणूस शोधायचं. तातडीची वेळ वेगळी, जीव वाचवताना जे हाताशी असेल ते.

खलाशाचं वेगळंच. त्याला तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या, घेऊन येतो आणि सगळी उत्तरं तांडेलच देतो. दारू पितो का? “नाय हो.” जखम कशाने झाली? “घसरला.” तांडेलाची माया खरी असेलही, पण त्याच्याच हातात पोराची मजुरी आहे. त्याला केसपेपर काढायला पाठवा आणि ती पाच मिनिटं वापरा.

मी मुलगा आहे. नर्सिंग केलं तर लोक हसतील का?

हसतील, सहा महिने. मग रात्री दोनला कुणाच्या बापाला कॅथेटर घालायची वेळ येते आणि ‘ब्रदर कुठेत, ब्रदर?’ सुरू होतं. एक मात्र पाळा: बाईपेशंटची तपासणी किंवा ड्रेसिंग असेल तर आधी विचारायचं आणि सोबत एक स्त्री कर्मचारी ठेवायची. तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीही.

मी मुसलमान घरातली आहे. डोकं झाकलेलं चालेल का? अडवणार नाहीत ना?

रत्नागिरी-दापोली भागातल्या कितीतरी कोकणी मुसलमान मुलींना मी शिकवलंय, त्यामुळे ‘अडवतात का’ याचं उत्तर अनुभवातून देते: कुठे नाही, कुठे कुरकुर होते. गणवेशाचा नियम प्रत्येक संस्थेचा वेगळा असतो. प्रवेश घ्यायच्या आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

थिएटरमध्ये तर सगळ्यांचेच केस टोपीखाली जातात. खरा मुद्दा हातांचा आहे. कोपराखाली काही नको, कारण हात धुताना ते धुतलं जात नाही. हा नियम लांब बाहीला लागू आहे तसाच हिरव्या चुड्याला, मनगटावरच्या काळ्या दोऱ्याला, देवळातून आणलेल्या गंड्यालाही आहे. एकीची बाही वर करायला लावायची आणि दुसरीच्या गंड्याकडे काणाडोळा करायचा, हे मी पाहिलंय. त्याला स्वच्छता म्हणत नाहीत.

जातीचा त्रास होतो का? खरं सांगा.

होतो. तोंडावर कमी, आडून जास्त. नव्या मुलीचं पहिल्या दिवशी आडनाव विचारतात, मग गाव, मग वाडी. वाडी कळली की बाकीचं कळतं. ‘कोट्यातली’ हा शब्द चहाच्या वेळी हवेत सोडला जातो. सगळ्यांची परीक्षा तीच, नोंदणी तीच, एवढं शांतपणे सांगावं. त्यापुढे गेलं तर लेखी तक्रार करावी. तारीख, वेळ, शब्द आणि कोण हजर होतं, हे त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवा. महिन्याने आठवून लिहिलेलं टिकत नाही.

पेशंटच्या बाबतीत कायदा जुना आहे आणि साफ आहे. अस्पृश्यता राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने गेली. त्या कारणावरून कुणाला दवाखान्यात घ्यायचं नाकारलं, तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.

पण उघड नाकारणं आता कमीच दिसतं. दिसतो तो कंटाळा. रायगडातल्या कातकरी वाडीबद्दल आरोग्य केंद्रात ऐकू येणारं वाक्य: “ते लोक येतच नाहीत, डोस बुडवतात.” अहो, ते भाताची कापणी आटोपली की वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. आपण तारीख देतो फेब्रुवारीतली! बोटींवरच्या माणसांचंही तेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, खलाशी आपापल्या मुलखाला जातात. मार्चमध्ये क्षयाचं औषध सुरू केलं तर किमान सहा महिने चालायचं. ‘जूनमध्ये कुठे जाणार?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचा, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात त्याची नोंद बदलून पाठवता येते. हे विचारणाऱ्या आशाताई मी पाहिल्या आहेत. न विचारता वहीत ‘उपचार सोडले’ असं लिहिणारेही पाहिलेत.

मला अपंगत्व आहे. वैद्यकीयला जाता येईल का?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं टक्केवारीवर बोट ठेवून कुणाला एमबीबीएसला अपात्र ठरवता येणार नाही. हा उमेदवार शिक्षण पुरं करू शकेल का, ते अपंगत्व तपासणाऱ्या मंडळाने प्रत्यक्ष बघायला हवं. तेव्हा नकार आला तर कारण लेखी मागा.

तृतीयपंथी पेशंट आले तर कुठल्या वॉर्डात ठेवायचं?

आधी त्यांना विचारा. नाव काय लावू, हाक कशी मारू, कुठे बरं वाटेल. आणि बघायला गोळा झालेल्या स्टाफला कामाला लावा. सर्वोच्च न्यायालयाने ओळख मान्य केली २०१४ साली, भेदभावाविरुद्ध कायदा आला २०१९ साली. तरी केसपेपरवरच्या ‘स्त्री/पुरुष’ या दोन चौकटींशी क्लार्क अजून झटत असतो.

गावात सगळे ओळखीचे. शेजारीण विचारते, ‘तिच्या सुनेला काय झालं होतं गो?’ काय सांगायचं?

काही नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच. शहरातल्या नर्सला पेशंट परत दिसत नाही. तुम्हाला ती बाई सोमवारच्या बाजारात भेटणार आहे, गणपतीत तुमच्या आरतीला येणार आहे, तिची नणंद तुमच्या काकीची मैत्रीण आहे. इथे गुपित फोडायला वाईट हेतू लागत नाही, नुसती चहाची कपबशी पुरते.

माझी चूक सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा एचआयव्हीबाधित पेशंटच्या कागदावर लाल शाईने मोठी खूण करायची पद्धत होती, ‘स्टाफच्या सुरक्षेसाठी’. मीही केली. तो कागद खाटेच्या पायथ्याशी लटकलेला. डबा घेऊन आलेल्या भावाने लाल खूण पाहिली, शेजारच्या खाटेवरच्याला विचारलं, त्याने वॉर्डातल्या मावशींना. तिसऱ्या दिवसापासून त्या माणसाला डबा आला नाही. मी कुणाला एक शब्दही बोलले नव्हते. तरी सांगितलं मीच होतं. सुरक्षेचं म्हणाल तर हातमोजे आणि सुईची काळजी प्रत्येकच पेशंटला घ्यायची असते, खुणेची गरजच नव्हती.

आता याला कायदा आहे. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय कुणाची स्थिती सांगता येत नाही आणि त्यावरून उपचार नाकारता येत नाहीत. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने बाईचं नाव आणि तपशील उघड करायला मनाई घातली आहे, कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही. म्हणजे सासूलाही नाही.

शेजारणीसाठी माझं ठरलेलं वाक्य: “काकू, ते नका विचारू. उद्या कुणी तुमचं विचारलं तरी मी असंच म्हणेन.” पहिल्यांदा तोंड वाकडं करतात. दोन वर्षांनी त्याच काकू पदराखाली रिपोर्ट लपवून तुमच्याच दारात येतात.

आणि फोन. वॉर्डातला फोटो गावच्या ग्रुपवर टाकायचा नाही, ‘प्रार्थना करा’ म्हणूनही नाही.

कट, म्हणजे पेशंट पाठवल्याचं कमिशन, घेणं एवढं वाईट का? सगळेच घेतात.

सगळे घेत नाहीत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जातात. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून त्यांनी कोकणातली किती माणसं वाचवली त्याला गणती नाही. २०१३ मध्ये त्यांच्याकडे एका तपासणी केंद्राचा १,२०० रुपयांचा चेक आला, पेशंट पाठवल्याबद्दल. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. रक्कम बघा, १,२००. एवढ्याशासाठी कोण भांडतं? पण तो चेक शेवटी पेशंटच्याच बिलातून जातो. गुहागरहून एसटीने आलेला माणूस गरज नसलेली तपासणी करतो तेव्हा तिच्या पैशांत एकाची मजुरी बुडते आणि दुसऱ्याचा कट निघतो.

डॉक्टरांसाठी २००२ च्या आचारसंहितेत याला स्पष्ट मनाई आहे. राज्यात कटविरोधी कायद्याचा मसुदा २०१७ साली तयार झाला होता, तो मसुद्यावरच थांबला. पण कट फक्त डॉक्टर घेतात असं समजू नका. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, रिसेप्शनवरची मुलगी, नमुने गोळा करणारा पोरगा, सगळ्यांना विचारणा होते. तुम्हालाही होईल, बहुतेक पहिल्याच वर्षी, आणि विचारणारा फार गोड बोलेल.

मग आंब्याची पेटी घ्यायची की नाही?

हा खास आपल्याकडचा प्रश्न. पेशंट बरा होऊन घरी गेला आणि महिन्याने फणस घेऊन आला, तर घ्या, फोडा, वॉर्डात वाटा. नको म्हटलं तर त्याचा अपमान होतो. ऑपरेशनची तारीख लागायची आहे आणि पेटी आली, तर परत करा. कोळणीने पिशवीत गुपचूप सुरमई ठेवली तर? मी एकदा खाल्ली, खोटं कशाला बोलू. पण तिचा नंबर पुढे घेतला नाही.

औषध कंपनीची पेटी असेल तर विचारसुद्धा नको. २०२४ च्या संहितेने कंपन्यांना डॉक्टरांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटी द्यायला मनाई केलीये.

डी. फार्मसी झालंय. एक दुकानदार म्हणतो, सर्टिफिकेट भिंतीला लाव, तू येऊ नकोस, महिन्याला पैसे घरपोच. घेऊ का?

नको रे बाबा. १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. भिंतीवर नाव तुझं, काउंटरवर दहावी झालेला पोरगा. डॉक्टरांचं अक्षर चुकीचं वाचून त्याने दुसरीच गोळी दिली, तर पोलीस भिंतीवरचं नाव वाचतात.

लॅबवाल्यांनाही तेच. कोऱ्या लेटरहेडवर आगाऊ सह्यांचा गठ्ठा ठेवलेला दिसला तर समजा काय चाललंय. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी.

सोनोग्राफीनंतर नातेवाईक विचारतात, ‘पेढे की बर्फी?’

“बाळ आणि आई ठीक आहेत.” बस. १९९४ च्या कायद्यात शब्दाने, खुणेने किंवा कुठल्याही रीतीने गर्भाचं लिंग सांगणं गुन्हा आहे. ‘खुणेने’ हा शब्द उगाच घातलेला नाही. पेनाचा निळा आणि गुलाबी रंगही खूणच.

फुरसं (विषारी साप) चावलेल्याला आधी मांत्रिकाकडे नेतात. अशा लोकांना काय बोलावं?

त्या क्षणी, काहीच नाही. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, गोठलं नाही तर प्रतिविष सुरू करायचं. ती वीस मिनिटं तुमच्याकडे आहेत, त्यात भाषण नको. ‘अक्कल आहे का?’ म्हणून ओरडणारी सिस्टर मी तरुणपणी होते. पुढच्या पावसात त्याच वाडीतून दंश झालेला माणूस आणखी उशिरा आला, कारण ‘सिस्टर बोलते’.

देवाला गाऱ्हाणं घातलं, अंगारा लावला, उशाशी नारळ ठेवला, तर ठेवू दे. जखमेवर काही लावायचं नाही आणि हातापायाला काही आवळून बांधायचं नाही, एवढंच ठामपणे सांगा. मात्र दवाखान्यात जाऊ नका म्हणून कुणी अडवून मंत्र घालत असेल, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा हे त्यात नाव घेऊन दिलेत.

सिनियरची चूक दिसली तर?

आधी पेशंट सावरा, मग डॉक्टरांना सांगा, मग लिहा. नोंदीचं पान फाडायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही. चुकीच्या शब्दावर एक रेघ, बाजूला बरोबर मजकूर, वेळ, सही. खालचं वाचता आलं पाहिजे. पेशंटने कागद मागितले तर आचारसंहितेप्रमाणे ७२ तासांत द्यावे लागतात, त्यामुळे रात्री जागून कागद ‘नीट’ करणारे शेवटी सापडतात.

सिनियर चिडेल. काही महिने ड्यूटीचं वेळापत्रक तुमच्या मनासारखं लागणार नाही. मला दोनदा ओळीने दिवाळीत रात्रपाळी लागली होती.

मारहाण, छळ झाला तर?

मारहाणीसाठी राज्याचा २०१० चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. लैंगिक छळासाठी २०१३ चा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. लहान दवाखान्यात नसते, तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. मुदत तीन महिन्यांची, ती विसरू नका.

मुलाखतीला गेल्यावर आम्ही काय विचारावं?

पगार तर विचाराच. त्याशिवाय, भिंतीवर दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद लावली आहे का ते बघा. २०२१ च्या नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयांना ते लावावंच लागतं. कॅलेंडरच्या मागे झाकलेलं असेल तर तेही कळतंच. कपडे बदलायला वेगळी खोली आहे का, रात्रपाळी संपल्यावर पहिली एसटी किती वाजता आहे, एका रात्री किती पेशंटमागे एक नर्स. आधीची मुलगी का सोडून गेली, हे मालकाला विचारू नका, वॉर्डातल्या मावशींना विचारा. आणि क्वार्टर्स दाखवतो म्हणाले तर बघायला मे महिन्यात जाऊ नका, जुलैत जा.